टिकटिक कुठे थांबली? जुन्या एमजीबी गाडीचा पेट्रोलमार्ग आणि बिघाड शोधण्याचा पाठ



सहावी-सातवीच्या मुलांना विचारा, "पंखा फिरत नाही, काय करायचं?" पहिलं उत्तर येतं, "बिघडलाय!" दुसरं येतं, "नवीन आणायचा!" मधली पायरी, म्हणजे नेमकं कुठे बिघडलंय हे शोधणं, कुणाच्या बोलण्यात येतच नाही. पुस्तकात निरीक्षण, अनुमान, पडताळा हे शब्द असतात, मुलं ते पाठही करतात, पण वापरायची वेळ आली की अंदाज ठोकून देतात. ही मधली पायरी शिकवायला मला एका जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचं उदाहरण फार उपयोगी वाटतं. (माझे वडील स्कूटर दुरुस्त करायचे, त्यामुळे कार्बोरेटर हा शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले असेन.)

गाडीचं नाव एमजीबी. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती बनली, पाच लाखांहून जास्त. आजही ब्रिटन-अमेरिकेतले हौशी लोक ती घरच्या अंगणात स्वतः दुरुस्त करतात. तिच्या पेट्रोलमार्गात कॉम्प्युटर नाही. जे काही चालतं ते डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं. म्हणून तर पाठाला चांगली.

फळ्यावर आधी मार्ग काढून घ्या. मागे डिकीखाली पेट्रोलची टाकी. तिच्याजवळच विजेवर चालणारा एसयू कंपनीचा पंप. तिथून गाडीच्या पोटाखालून पुढे जाणारी बारीक नळी. पुढे इंजिनाला लागून दोन एसयू कार्बोरेटर. प्रत्येक कार्बोरेटरला एक छोटा डबा असतो, त्यात फ्लोट तरंगतो. डबा भरला की फ्लोट वर येतो आणि एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. संडासच्या फ्लशच्या टाकीत जे घडतं तेच. मुलांना हे एका वाक्यात कळतं.

आता गंमत पंपाची आहे. किल्ली फिरवली की तो टिकटिक करायला लागतो. डबे रिकामे असतील तर भरभर, आणि भरले की गप्प. इंजिन चालू असताना पेट्रोल खर्च होईल तशी अधूनमधून टिक. म्हणजे मागे कान लावून बसलं तरी पुढे काय चाललंय ते कळतं!

समजा, गाडी सुरू होत नाही आणि पंप गप्प आहे. मुलं लगेच म्हणतील, "पंप गेला." इथे थांबवायचं त्यांना. गप्प बसण्याचे अर्थ दोन आहेत. पोट भरलं म्हणून गप्प, नाहीतर जीवच नाही म्हणून गप्प. वर्गातल्या शांत मुलासारखंच हे, त्याला समजलंय की अजिबात समजलेलं नाही, नुसतं बघून सांगता येत नाही. मग जाणकार माणूस काय करतो? इंजिन गार असताना, उघड्यावर, कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवतो, तिचं तोंड धातूच्या डब्यात धरतो आणि किल्ली फिरवतो. टिकटिक सुरू होऊन अखंड धार आली, तर टाकीपासून इथपर्यंतचा सगळा मार्ग ठीक. दोष पुढे आहे, बहुधा फ्लोटची सुई अडकली आहे. धार आलीच नाही, तर दोष मागे. एका चाचणीत अर्धा मार्ग संशयातून मोकळा झाला! माझ्या मते पाठाचा गाभा इथेच आहे, यावर एक पूर्ण तासिका गेली तरी चालेल.

धारही नाही, टिकटिकही नाही, तर पंपाच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावून बघतात. दिवा लागत नसेल तर करंटच पोचत नाही, पंपाचा काही दोष नाही. दिवा लागतो पण पंप गप्प, तर त्याची अर्थिंग बघायची. तीही ठीक असेल तर पंपाला बाहेरून हलकेच ठोकायचं. ठोकल्यावर चालू झाला, तर आतले कॉन्टॅक्ट पॉइंट जळलेत किंवा त्यांवर थर साचलाय. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास होतं. ठोकून चालू होणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, फक्त दोषाचा पत्ता सापडणं, हेही मुलांना सांगा.

उलट, टिकटिक थांबतच नसेल तर? एक, टाकी रिकामी आहे किंवा पंपाच्या अलीकडे नळी कुठेतरी हवा ओढते आहे. दोन, फ्लोटची सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल बाहेर सांडतंय. दुसरा प्रकार जिवावरचा आहे. या गाडीत कार्बोरेटर आणि धूर बाहेर नेणारा तापलेला मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. पेट्रोलचा वास आला की आधी किल्ली बंद, मग बाकीचा विचार.

गाडी पंधरा-वीस मिनिटं छान चालते, मग आचके देत बंद पडते, थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा सुरू. हे कोडं मुलांना घालाच. संशयित आहे टाकीचं झाकण. पेट्रोल जाईल तशी टाकीत हवा यायला हवी. झाकणातलं भोक बुजलं, किंवा कुणी बिनभोकाचं झाकण बसवलं, की आत हवेचा दाब कमी होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी बंद पडल्या क्षणी झाकण उघडायचं, 'फुस्स' असा आवाज आला आणि गाडी सुरू झाली तर चोर सापडला. मात्र ही लक्षणं उष्णतेमुळेही दिसतात. नळीत पेट्रोलची वाफ झाली तरी गाडी अशीच अडते आणि गार झाल्यावर चालते. म्हणून गार व्हायच्या आधीच झाकण उघडून बघायचं. वाट बघत बसलात तर दोन्ही कारणं पुन्हा एकमेकांत मिसळली!

कार्बोरेटर उघडण्याआधी प्लगची ठिणगी तपासावी, असं जुने मेकॅनिक सांगतात. साधारणपणे पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आचके देत, दमत दमत बंद पडतं. ठिणगी गेली तर बटण दाबल्यासारखं एकदम. नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवात कुठून करायची ते ठरतं. कार्बोरेटरमधला पिस्टन बोटाने उचलून सोडला तर 'टक्' असा स्वच्छ आवाज करत खाली बसायला हवा. अडकत आला तर आत मळ आहे. वरच्या नळकांड्यात तेल नसेल तर एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते. एवढं पुरे, त्यापुढचं ट्यूनिंग आपल्या पाठाला नको.

एक आजचा मुद्दा पालकांसाठी. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्याकडे पंपावर २० टक्क्यांचं मिळू लागलंय. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, चिरतात, त्यांचे कण फ्लोटच्या सुईत जाऊन बसतात. घरात जुनी गाडी असेल तर नळ्या हाताने दाबून बघा आणि इथेनॉल चालणाऱ्या नळ्या मागून घ्या.

वर्गात पेट्रोल अजिबात आणायचं नाही, सगळं पाण्यावर करायचं. प्लास्टिकच्या मऊ बाटलीच्या झाकणाला दोन भोकं पाडा, एकातून स्ट्रॉ घालून कडेने मेण लावा. एका मुलाला पाणी ओढायला सांगा, येईल. आता दुसरं भोक बोटाने बंद करा. बाटली चेपत जाते आणि पाणी येईनासं होतं. मग बोट काढा, 'फुस्स' ऐकू द्या. पुढच्या तासाला बंद पडलेली टॉर्च द्या, कुठे सेल उलटा, कुठे पट्टीला कागद अडकवलेला. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी वहीत लिहायचं, "मला काय दिसेल असं वाटतं." आमच्या वर्गात ही ओळ लिहायलाच मुलं सगळ्यात जास्त वेळ घेतात. घेऊ द्या.