चुलीची ऊब आणि लोखंडाचा गंज

लोखंडास ऊब मिळाली म्हणजे तें गंजत नाहीं, असा समज आपल्यापैकीं पुष्कळांचा असतो. म्हणून पावसाळ्यांत वखराची पास, विळे, तसेंच औत दुरुस्तीचे वासला, पटाशी, रंधा चुलीच्या खोलींत नेऊन ठेवितात. प्रस्तुत लेखकानेंही महसुलाची कारकुनी सुटल्यावर हेंच केलें. पुढें आश्विनांत रब्बीच्या वखरणीस पास काढून पाहतों तों तिजवर खवले उठलेले! माती चिकटूं लागली. घासूनपुसून ती चालती करण्यांत दोन दिवस गेले, वरची ओल उडाली, व हरभरा विरळ उगवला.

चूल ऊब देते हें खरें, परंतु ती पाणीही देते, हें ध्यानांत येत नाहीं. एक किलो सुकें लांकूड जळतांना सुमारें अर्धा किलो पाणी वाफरूपानें हवेंत जातें. शिजणाऱ्या अन्नाची वाफ निराळीच. रात्रीं दार लावलें, चूल विझली, खोली निवली, कीं ती वाफ थंड लोखंडावर दंवासारखी बसते. गार पाण्याच्या तांब्यास बाहेरून घाम सुटतो, तोच हा प्रकार. धुरांतील आम्ल अंश त्यांत भर घालितो. सबब धुराडें नसलेल्या बंद खोलीपेक्षां वारा खेळणारी, न गळणारी पडवी बरी.

दुसरें कारण आपल्या पाण्याचें. बाळापूर तालुक्याचा कांहीं भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत येतो. तेथील विहिरीच्या पाण्यानें औत धुवून तसेंच ठेविलें, तर पाणी वाळतें पण क्षार राहतो. हा क्षार हवेंतील ओल ओढून घेतो आणि पावसाचा थेंब न लागतांही गंज धरतो. म्हणून माती लांकडी चिपेनें खरवडून कोरड्या गोणपाटानें पुसावी. धुणेंच झालें तर पावसाच्या सांठविलेल्या पाण्यानें धुवावें व उन्हांत पुरतें वाळवावें. खताचीं पोतीं, मीठ व जनावरांचें मूत यांच्या जवळ हत्यारें ठेवूंच नयेत.

चढलेला गंज विटकरीच्या चुऱ्यानें व तेलानें घासून काढावा. चिंचेच्या कोळानेंही तो सुटतो. मात्र मागून सोड्याच्या पाण्यानें धुतलें नाहीं, तर तीच आंबट ओल पुन्हां लोखंड खाते. नंतर पास उन्हांत तापवून कोमट असतांनाच जवसाच्या तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा. हें तेल वाळून त्याची साय धरते, ओघळत नाहीं. रॉकेल स्वच्छ करण्यास चांगलें, पण उडून जातें; त्याजवर विसंबूं नये.

येथें एक धोका सांगणें अवश्य आहे. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकला, तर तो आपोआप तापून पेट घेऊं शकतो. घरांत कापूस भरलेला असतां अशी चिंधी कोपऱ्यांत राहणें म्हणजे अनर्थच. ती बाहेर दोरीवर पसरून पूर्ण वाळूं द्यावी.