जर्नल लिहिणाऱ्यांनो, गोष्टही लिहा!



एका सेमिस्टरमध्ये आपण किती पानं लिहितो, कधी मोजलंय? जर्नल, असाइनमेंट, सबमिशनच्या आदल्या रात्रीची ती घाई... आणि एवढं लिहिणाऱ्यांकडे मासिकासाठी दोन पानं मागितली, की उत्तर ठरलेलं : "छे, आपल्याला कुठे लिहिता येतं!" माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांचं त्यात आणखी एक वाक्य असतं : "माझं मराठी कच्चं आहे गं."

हा लेख अशा सगळ्यांसाठी आहे. आपल्याला सवयीच्या असलेल्या जर्नलच्या क्रमानेच जाऊ.

उद्देश

मराठीतच का लिहायचं? माझ्या पुरतं उत्तर सोपं आहे. माझ्या आजीला इंग्लिश येत नाही. मी दिवसभर काय करते, कशाला घाबरते, कशावर हसते हे तिच्यापर्यंत पोचायचं असेल तर ते मराठीतूनच पोचेल. नाहीतर आमचं बोलणं "जेवलीस का?" आणि "हो, जेवले" एवढ्यावरच संपेल. तुमच्याही घरी असं कुणीतरी असेलच. लिहिताना एकच वाचक डोळ्यांसमोर ठेवा, वाक्य आपोआप सरळ येतं.

साहित्य

मराठी शाळेच्या प्रयोगवहीत अ‍ॅपरेटसला 'साहित्य' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो! आपलं साहित्य म्हणजे खिशात मावणारी वही, पेन आणि उघडे कान. एका रूममध्ये वऱ्हाडातली 'काहून' म्हणते, कोल्हापूरची 'लई' म्हणते आणि मालवणची 'खय' विचारते. असा शब्दकोश विकत मिळत नाही. रोज ऐकलेलं एक वाक्य जसंच्या तसं टिपून ठेवा.

"पण हॉस्टेलवर लिहिण्यासारखं घडतं काय?" असं म्हणाल, तर लायब्ररीतून 'कोसला' आणा. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या आणि हॉस्टेलवर राहणाऱ्या पांडुरंग सांगवीकरची ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा भालचंद्र नेमाडे २५ वर्षांचे होते. म्हणजे आपल्या फायनल इयरपेक्षा थोडेच मोठे!

राहिलं शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. एकूण १८. एका युनिटचे फॉर्म्युले याहून जास्त असतात! सुरुवातीला दोन पुरेत.

१) शब्दाच्या शेवटची वेलांटी किंवा उकार दीर्घ : पाटी, जादू, कवी, गुरू. 'आणि' व 'नि' हे अपवाद.

२) प्रत्यय लागला की शेवटून दुसऱ्या अक्षरातली दीर्घ वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व होतो : गरीब – गरिबाला, फूल – फुलाला. 'शरीर'सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत.

बाकीच्यासाठी मो. रा. वाळंबे यांचं 'मराठी शुद्धलेखन प्रदीप' जवळ ठेवा. पण ते उघडायचं लिहून झाल्यावर. लिहिताना नाही.

कृती

पहिला खर्डा एका बैठकीत, न थांबता. शब्द अडला तर इंग्लिश शब्द टाका आणि पुढे जा. मग वही बंद करून झोपा.

दुसऱ्या दिवशी तो मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा. जिथे वाक्य इंग्लिशमधून ढकलत आणल्यासारखं वाटतं, तिथे स्वतःला विचारा, "हेच मी आईला कसं सांगितलं असतं?" तसंच लिहा.

मग विशेषणांना कात्री लावा. 'ती रात्र अत्यंत भयाण व उदास होती' यातून वाचकाला काहीच दिसत नाही. 'मेसचा दिवा गेला आणि कुत्रं जिन्यावर येऊन झोपलं' यातून दिसतं. आपण रीडिंग लिहिताना 'करंट बराच जास्त होता' असं लिहितो का? आकडा लिहितो. इथेही तेच.

निरीक्षण

आता एक प्रयोग सांगते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. तेव्हा ते जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ होते. तरीही निकाल फक्त कथेवर लागावा असं त्यांना वाटलं.

आपण उलट्या कारणासाठी हेच करू शकतो. 'लोक हसतील' ही भीती असेल तर आपलं पान दुसऱ्या कुणाकडून उतरवून घ्या आणि नाव न सांगता रूममेटला वाचायला द्या. "कसं वाटलं?" असं विचारू नका, उत्तर "मस्त" एवढंच येईल. "कुठे कंटाळा आला?" असं विचारा. ते खरं रीडिंग.

निष्कर्ष

लिहिण्यासाठी इंजिनिअरिंग सोडायची गरज नाही. नारळीकरांनी संशोधन करत कथा लिहिल्या, व. पु. काळे आर्किटेक्टची नोकरी करत लिहीत होते. आपल्याला रोज वीस मिनिटं पुरतील. सबमिशनच्या आठवड्यात तीही नकोत, केटी लागली तर दोष माझ्या माथी नको!

साभार परत आलं तर तारीख टाकून जपून ठेवा. एखादं प्रॅक्टिकल पहिल्या फेरीत जमलं नाही म्हणून आपण लॅब सोडत नाही. कनेक्शन तपासतो आणि परत करतो.

तेव्हा आज रात्री एक पान, फक्त एक. आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा ते आजीला वाचून दाखवा. बघा, ती कुठे हसते ते!