जोडीदाराचे प्राण आणि पाणबुड्याचे शिक्षण

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी न्याहाळणाऱ्या प्रवाशाला पूर्वी समुद्राचा पृष्ठभागच तेवढा दिसत असे. आज तेथील प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे तो पाण्याखाली उतरून पाहू शकतो. हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे. प्रथमच उतरणाऱ्या पर्यटकासोबत प्रशिक्षक असतो. मात्र रीतसर शिकून प्रमाणपत्र मिळविणारा हौशी पाणबुड्या पुढे एखाद्या जोडीदारासह, स्वतःच्या जबाबदारीवर उतरू लागतो. अशा वेळी केवळ प्राथमिक शिक्षण पुरेसे ठरते काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

भीती आणि पाण्याचे नियम

फ्रेंच नौदल अधिकारी झाक कूस्तो व अभियंता एमिल गान्याँ यांनी १९४३ मध्ये श्वासाच्या मागणीनुसार हवा पुरविणारे यंत्र सिद्ध केले आणि पाण्याखालील संचार सुलभ झाला. पाठीवरील नळकांड्यात शुद्ध प्राणवायू असतो, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः त्यात सामान्यतः दाबाखाली भरलेली साधी हवा असते.

समुद्रात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणूनच १० मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणल्यास ती पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. अशाने फुप्फुसाला इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतात. फार वेगाने वर आल्यास शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचेही बुडबुडे होतात.

घाबरलेल्या मनाची आज्ञा नेमकी याच्या उलट असते. श्वास रोख, मुखवटा फेकून दे, तडक वर जा, असे ते सांगते. नळकांड्यात भरपूर हवा असतानाही तोंडातील नळी काढून टाकणारे पाणबुडे आढळतात, ते यामुळेच. थांबणे, श्वास घेणे, विचार करणे आणि मगच कृती करणे, हा बचाव प्रशिक्षणाचा पहिला पाठ होय. तो प्रथम स्वतःसाठीच असतो.

प्रशिक्षणात काय शिकवितात?

पृष्ठभागावर हातपाय झाडणाऱ्या माणसाला समोरून कवटाळू नये. तो आधारासाठी वाचविणाऱ्यालाच पाण्याखाली दाबतो. शक्य तर दुरून तरंगते साधन फेकावे. जवळ जावेच लागले तर मागून जाऊन त्याच्या नळकांड्याची मान धरावी, जाकिटात हवा भरावी व कमरेची वजने सोडवावीत. बेशुद्ध पाणबुड्याला तळाहून वर आणणे, त्याचा श्वसनमार्ग मोकळा ठेवून पाण्यातच कृत्रिम श्वास देणे, नावेवर घेणे, हरवलेल्या जोडीदाराचा पद्धतशीर शोध घेणे, या गोष्टींचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला जातो. नावेवर आल्यावर छातीवर ३० दाब व २ श्वास या क्रमाने उपचार होतात. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत मात्र प्रारंभ श्वासाने करतात, कारण त्याचे हृदय बहुधा प्राणवायूअभावी थांबलेले असते. वेगाने वर आल्यामुळे झालेल्या विकारावर शुद्ध प्राणवायू हा महत्त्वाचा प्रथमोपचार आहे.

दृष्टीतील बदल

तथापि, या शिक्षणाचे खरे मोल अशा थरारक प्रसंगांपुरते नाही. प्राथमिक शिक्षण घेतलेला पाणबुड्या आपलाच मुखवटा, आपलीच हवा, आपलाच तोल सांभाळण्यात गुंतलेला असतो. बचाव प्रशिक्षण त्याची नजर जोडीदाराकडे वळविते. नावेवर एरवी गप्पा मारणारा सोबती आज गप्प का, साधने जोडताना त्याचे हात का चुकतात, हे त्याला जाणवू लागते. पाण्याखाली जलद निघणारे बुडबुडे, विस्फारलेले डोळे, खुणेला न मिळालेले उत्तर यांचा अर्थ त्याला कळतो. मग तो जवळ जातो, सोबत्याचा हात धरतो, त्याला शांतपणे श्वास घ्यावयास लावतो आणि दोघे सावकाश वर येतात. या घटनेची नोंद कोठेही होत नाही, परंतु एक प्राण वाचलेला असतो.

हे कौशल्य सरावाअभावी गंजते. म्हणूनच अशा अभ्यासक्रमासाठी मागील २४ महिन्यांतील प्रथमोपचार प्रशिक्षणाची अट एक प्रमुख आंतरराष्ट्रीय संस्था घालते. प्रमाणपत्र मिळाल्यावरही वर्षातून एकदा तरी जोडीदारासह उथळ पाण्यात उजळणी करावी. सागराचे वैभव पाहावयास जोडीने जाणाऱ्यांनी जोडीनेच परत यावे, एवढ्यासाठी हे थोडे अधिक शिक्षण प्रत्येक हौशी पाणबुड्याने अवश्य घ्यावे.