उपकारस्तुती वदवून घेऊ नका

ख्रिस्ती माणसाने रोज देवाचे उपकार मानावेत, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्याच्या तोंडून उपकारस्तुती वदवून घेणाऱ्यांशी. घरात मृत्यू झालेला असताना, आजार बळावलेला असताना ‘आधी देवाचे आभार माना, मग बघा’ असे सांगणाऱ्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना मी पुरते ओळखून आहे, आणि त्यांच्यावरचा माझा राग अजून शमलेला नाही. आभार कमी पडले म्हणून आशीर्वाद अडला, असा हिशेब ते मांडतात. बायबलात हा हिशेब नाही. लाजरच्या कबरेपाशी पोहोचण्याआधीच येशू रडला. पित्याचे आभार त्याने नंतर मानले, आणि तेही कुणी सांगितले म्हणून नव्हे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. त्याच्या शेवटी स्तुती नाही, तरी ते स्तोत्रसंहितेतून कुणी काढून टाकले नाही. ज्याला आज आभार मानणे जमत नाही त्याने ते स्तोत्र वाचावे आणि तिथेच थांबावे. तीही प्रार्थनाच आहे.

यावर पौलाचे वचन हमखास पुढे केले जाते. सर्व परिस्थितीत आभार माना असे त्याने थेस्सलनीकाकरांना लिहिले, हे खरे. पण त्याच पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि आशियात आपण जगण्याचीही आशा सोडली होती हे करिंथकरांना उघडपणे कळवले. त्याच्यापाशी उपकारस्तुती आणि कण्हणे दोन्ही नांदत होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परतला, तेव्हा बाकीचे नऊ कुठे आहेत असे येशूने विचारलेच ना? विचारले. पण ते बरे झालेल्यांबद्दल विचारले, अजून रोगात तळमळणाऱ्यांबद्दल नाही. आणि त्या नवांचे आरोग्य त्याने परत घेतले असे लूक कुठेही सांगत नाही.

आम्हा सिकंदराबादकरांना याच विषयाची दुसरी बाजू घराजवळ सापडते. 20 ऑगस्ट 1897 रोजी इथे बेगमपेठेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूचा माग लागला, आणि त्याने देवाचे आभार मानणारी कविता लिहिली. तो डास ज्याला चावला होता तो रुग्ण हुसेन खान. चावणाऱ्या दर डासामागे त्याला एक आणा मिळे. 1902 साली नोबेल रॉसला मिळाले. हुसेन खानाचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? देवाला दिलेले धन्यवाद माणसांना वगळून जाऊ लागले की ते अर्धेच राहतात. मला तर तेलंगणातल्या मेदकचे उदाहरण अधिक पटते. चार्ल्स पॉस्नेट या मिशनऱ्याने 1914 ते 1924 या काळात तिथले भव्य ख्रिस्तमंदिर उभारले ते दुष्काळाने गांजलेल्यांना काम आणि अन्न देत. उपाशी माणसाकडून आधी स्तुती मागितली गेली नाही, आधी त्याच्या हाताला काम दिले गेले.

सवय लावली नाही तर कृतज्ञता आटते, असेही कुणी म्हणेल, आणि ते मला मान्य आहे. म्हणून सवय जरूर लावा, पण घरात आणि स्वतःपुरती. जेवणापूर्वीची प्रार्थना घाईत उरकू नका. रात्रीच्या प्रार्थनेत त्या दिवशी उपयोगी पडलेल्या माणसाचे नाव घ्या. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ असे मोघम बोलून सुटू नका. दवाखान्यातून बरे होऊन आलात तर मंदिरात साक्ष देण्याआधी ज्या नर्सने रात्री जागून काढल्या तिला भेटून या. आपल्या सुखाची तुलना शेजाऱ्याच्या दुःखाशी करून देवाचे आभार मानू नका. येशूच्या दाखल्यातल्या परूश्यानेही मंदिरात दुसऱ्याशी तुलना करूनच आभार मानले होते. आणि दुसरा कुणी तुमच्या श्रद्धेचे माप तुमच्या साक्षीवरून काढू लागला, तर नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत नकार द्या. त्यात पाप नाही.

पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे: कापणीच्या सणाला किंवा वर्षाअखेरच्या उपासनेत कुणालाही साक्षीसाठी माईकपाशी बोलावण्यापूर्वी त्याला एकांतात विचारा, आणि तो नको म्हणाला तर पुन्हा विचारू नका.