पोटाची बातमी श्वास सांगतो

रात्री जेवताना लसणाची चटणी खाल्ली. झोपताना चूळ भरली. सकाळी दात घासले. तरी तोंडाला लसणाचा वास येतोच. असे का बरे होते?

लसूण पोटात जातो. तिथे तो पचतो. त्यातले वासाचे द्रव्य रक्तात उतरते. रक्त सगळ्या अंगातून फिरते, तसे फुप्फुसांतूनही फिरते. तिथे ते द्रव्य हवेत मिसळते आणि श्वासाबरोबर बाहेर पडते. म्हणजे हा वास नुसता तोंडाचा नाही. तो रक्तातून आलेला असतो. दारू प्यालेल्या माणसाचेही तसेच. तो बडीशेप चघळो की वेलदोडा, पोलिसांच्या नळीत फुंकर मारली की पितळ उघडे पडते.

अंगात काय चालले आहे, याची थोडी बातमी श्वासात असते. डॉक्टरांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. मधुमेह फार बळावला की रोग्याच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येऊ शकतो. मग पोटातल्या कर्करोगाची बातमीही श्वासात सापडेल काय? या पाठात आपण तेच पाहू.

लपून बसणारा रोग

आपले शरीर अगदी बारीक पेशींचे बनलेले आहे. विटांची भिंत असावी, तसे. पेशी नेमाने वाढतात, जुन्या झाल्या की मरतात. कधी कधी काही पेशी हा नेम मोडतात आणि बेसुमार वाढू लागतात. यालाच कर्करोग म्हणतात. खाल्लेले अन्न ज्या पिशवीत जाऊन पडते, ते जठर. तिथेही हा रोग होतो.

जठराचा कर्करोग सुरुवातीला फारसा दुखत नाही. थोडी जळजळ होते. आंबट ढेकर येतात. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते. मग घरात काय बोलणे होते? "अहो, पित्त झालं असेल. जरा सोडा घ्या." सोड्याने तेवढ्यापुरते बरे वाटते. "सुगी उरकली की बघू," असे म्हणता म्हणता महिने निघून जातात. तोवर रोग आजूबाजूला पसरतो. लवकर सापडला, तर शस्त्रक्रियेने तो काढून टाकता येतो आणि पुष्कळ रोगी बरे होतात. उशीर झाला, की इलाज फार अवघड होतो.

आज या रोगाची खात्रीची तपासणी म्हणजे दुर्बीण. एक बारीक, लवचिक नळी तोंडातून जठरात सोडतात. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. डॉक्टर आतली बाजू डोळ्यांनी पाहतात. शंका आली तर तिथला बारीकसा तुकडा काढून तपासतात. पण याला शिकलेला डॉक्टर लागतो, पैसा लागतो. ज्याला ज्याला ढेकर येतो, त्या प्रत्येकाला दुर्बीण घालणे शक्य नाही. म्हणून शास्त्रज्ञ सोपी वाट शोधत आहेत.

श्वासाची अक्षरे

१९७१ साली लायनस पॉलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसाचा श्वास तपासला. त्यात त्यांना सुमारे २५० निरनिराळी द्रव्ये आढळली. त्यातली बहुतेक इतकी थोडी असतात, की आपल्या नाकाला कळत नाहीत. यंत्राला मात्र कळतात.

पेशी बिघडल्या, की त्यांच्यातून निघणारी द्रव्ये कमीजास्त होतात. पण एकाच द्रव्यावरून रोग ओळखता येत नाही. तुम्ही वाचायला शिकलात, तेव्हा काय पाहिलेत? नुसत्या 'क'वरून शब्द कळत नाही. 'क', 'म', 'ळ' अशी अक्षरे जुळली म्हणजे 'कमळ' होते. श्वासातली द्रव्येही अशीच जुळवून वाचावी लागतात.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील डॉक्टरांनी तसेच केले. तीन इस्पितळांतील ३३५ माणसांचा श्वास त्यांनी पिशव्यांत घेतला. यांपैकी १६३ जणांना जठराचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग होता, १७२ जणांना नव्हता. यंत्राने प्रत्येक श्वासातली पाच द्रव्ये मोजली. २०१८ साली हा अभ्यास छापून आला. कर्करोग असलेल्या १०० जणांत चाचणीने ८० ओळखले, २० सुटले. कर्करोग नसलेल्या १०० जणांत ८१ जणांना तिने बरोबर 'नाही' म्हटले. पण १९ जणांना रोग नसताना 'आहे' म्हटले.

आता थोडा हिशेब करू. समजा, १००० माणसांच्या गावात पाच जणांना हा रोग आहे. ही चाचणी त्यांतले चार ओळखील, एक सुटेल. पण उरलेल्या ९९५ निरोगी माणसांपैकी सुमारे १८९ जणांना ती उगाच घाबरवील! म्हणून नुसत्या श्वासावरून निकाल देता येत नाही. अशा चाचणीचे काम एवढेच, की दुर्बिणीसाठी आधी कोणाला पाठवावे हे सांगायचे. त्यासाठीसुद्धा अजून संशोधन चालू आहे. नेहमीच्या तपासणीत ती अद्याप आलेली नाही.

श्वासाची दुसरी चाचणी

श्वासाची एक चाचणी मात्र इस्पितळांत आजही करतात. तिने कर्करोग कळत नाही, जठरातला एक जंतू कळतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी हा जंतू वाढवून दाखवला. पोटातल्या पुष्कळ व्रणांचे मूळ हाच जंतू आहे, हे त्यांच्या कामातून कळले. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू वर्षानुवर्षे पोटात राहिला, तर कर्करोगाचा धोका वाढतो. पण जंतू असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधे पुरी घेतली, की तो बहुधा जातो.

मग आपण काय करावे?

यंत्र गावात येईल तेव्हा येईल. तोवर आपले शरीर ज्या खुणा करते, त्या वाचाव्या. दोन-तीन आठवडे जळजळ किंवा अपचन हटत नाही. भूक मेली आहे. कारण नसता वजन उतरते आहे. घास गिळताना अडकतो. पुन्हापुन्हा उलटी होते. असे काही असेल तर सरकारी दवाखान्यात जावे. उलटीत रक्त पडले किंवा शौचास डांबरासारखे काळे झाले, तर त्याच दिवशी जावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळे होते. गोळ्या चालू असतील तर तसे डॉक्टरांना सांगावे. या खुणा म्हणजे कर्करोगच, असे नाही. बहुतेकांचे दुखणे साधेच निघते. पण ते डॉक्टरांनी ठरवावे, सोड्याच्या पुडीने नव्हे.

आणि कोणी यंत्र घेऊन गावात आला, "फुंकर मारा, कर्करोग आहे की नाही लगेच सांगतो," म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका.

ध्यानात ठेवा
१. दुखणे अंगावर काढू नका.
२. खात्रीची तपासणी दुर्बिणीची.
३. तंबाखू व विडी सोडा. त्यांनीही या रोगाचा धोका वाढतो.

प्रश्न
१. दात घासले तरी लसणाचा वास का राहतो?
२. श्वासाच्या चाचणीने 'रोग नाही' म्हटले, तरी निर्धास्त का राहू नये?
३. तुमच्या घरात कोणी बरेच दिवस सोडा घेत आहे काय? त्यांना हा पाठ वाचून दाखवा.