ताकद जास्त, तरी चित्र सारखेच का?

प्रश्न : कागदावर एक्सबॉक्स सिरीज एक्स सरस आहे. तरी तोच गेम प्लेस्टेशन ५वर तसाच, कधी अधिक चांगला चालतो. कंपन्या मुद्दाम हात आखडता घेतात का? – एक वाचक, हिंजवडी

उत्तर : बहुतेक वेळा नाही. एक्सबॉक्सचे १२ आणि प्लेस्टेशनचे १०.२८ टेराफ्लॉप्स हे गणनेच्या कमाल क्षमतेचे आकडे आहेत. मायक्रोसॉफ्टच्या चिपमध्ये ५२ गणनगट १.८२५ गिगाहर्ट्झने चालतात, सोनीच्या चिपमध्ये फक्त ३६, पण २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत. काम सगळ्या गटांत नीट वाटले गेले नाही, की जास्त गट असण्याचा फायदा विरतो. २०२० साली ‘असॅसिन्स क्रीड व्हॅलहाला’ सुरुवातीला प्लेस्टेशनवर अधिक स्थिर चालला. जाहिरात-करारांमुळे पक्षपात होतो म्हणावे, तर या गेमची गेमप्ले-झलक मायक्रोसॉफ्टच्याच कार्यक्रमात दाखवली होती. शिवाय एक्सबॉक्सवरची अडचण पुढे अपडेटने बरीच कमी झाली. मुद्दाम रोखलेले कोणी असे दुरुस्त करत नाही.

समानतेची सक्ती मात्र खरी आहे, पण ती एकाच घरातली : सिरीज एक्स आणि सिरीज एस या दोन्ही एक्सबॉक्सवर गेममध्ये सारख्याच सोयी हव्यात, ही मायक्रोसॉफ्टची अट. स्वस्त सिरीज एसवर स्प्लिट-स्क्रीन जमेना, म्हणून ‘बाल्डर्स गेट ३’ एक्सबॉक्सवर रखडला. अखेर मायक्रोसॉफ्टने ती अट सैल केली आणि डिसेंबर २०२३मध्ये, प्लेस्टेशननंतर तीन महिन्यांनी, तो आला. तेव्हा खरेदीपूर्वी टेराफ्लॉप्स नव्हे, तुमच्या आवडत्या गेमची फ्रेमरेट-चाचणी पाहा.