ट्रॅक पुसू नका, सरकवा

प्रश्न : कीकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन थरांचा बोर्ड काढतो आहे. नवा ट्रॅक घालायचा म्हटलं की आधीचे तीन-चार पुसावे लागतात. काही उपाय?

उत्तर : आहे, आणि तोही फुकट. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेतल्या अभियंत्यांनी कीकॅडसाठी इंटरॅक्टिव्ह राउटर लिहिला, 2015च्या 4.0 आवृत्तीपासून तो सर्वांच्या हाती आहे.

आधी बोर्ड सेटअपमध्ये तुमच्या पीसीबी उत्पादकाने सांगितलेलं किमान अंतर आणि ट्रॅकची रुंदी भरा. राउटर हेच नियम पाळतो. ते चुकले तर पुढचं सगळं चुकतं. मग राउटर सेटिंगमध्ये ‘शव्ह’ निवडा आणि ‘एक्स’ दाबून ट्रॅक ओढा. एसटीत ‘जरा सरकून घ्या’ म्हटल्यासारखे शेजारचे ट्रॅक आणि व्हाया (थर जोडणारी छिद्रं) अंतर राखून बाजूला होतात. हलू नयेत असे ट्रॅक आधी लॉक करा. त्याच सेटिंगमधल्या ‘वॉक अराउंड’मध्ये जुने जागीच राहतात, नवा वळसा घालतो.

यूएसबीच्या डी-प्लस, डी-मायनस तारा मात्र डिफरन्शियल पेअर म्हणून एकत्रच ओढा. उत्पादकाला द्यायची गर्बर फाइल काढण्यापूर्वी डीआरसी, म्हणजे नियमांची तपासणी, चालवाच. आणि राउटर कुठे अडला, तर तिथला सुटा भाग थोडा फिरवून पाहा. निम्मं राउटिंग चांगल्या मांडणीतच होतं.